दुसरं बटण

सुरेंद्रच्या पेटीच्या डोक्यावर एक गोल डाग आहे. आतली गरमी निघून जावी म्हणून पेटीवर भोकाभोकांचा काळा पत्रा बसवलेला आहे, त्या पत्र्यावर बरोबर दुधाच्या गंजाच्या, म्हणजे लहान पातेल्याच्या, बुडाएवढा पांढुरका गोल. घासून निघत नाही. सुरेंद्र घासतही नाही.

पेटी म्हणजे गिटारची. तेलाचा पाच किलोचा डबा आडवा पाडला तर जेवढा दिसेल तेवढी, उचलायला मात्र दुप्पट जड. गिटारची वायर तिच्यात खुपसायची, तिच्यातून दुसरी वायर स्पीकरच्या खोक्याला. आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. पेटले की लालसर दिसतात. समोर सहा नॉब, त्यातला एक 'गेन'चा. तो पुढे नेला की तारेला नुसतं बोट लागलं तरी आवाज करवतीसारखा फाटून निघतो आणि बोट उचलेपर्यंत मरत नाही. मागच्या बाजूला दोन बटणं. पहिलं दाबलं की व्हॉल्व्ह तापायला लागतात, आवाज नाही. मिनिटभराने दुसरं दाबायचं, तेव्हा आवाज सुटतो. नऊ वर्षांत सुरेंद्रने दुसरं बटण तीनदा दाबलं.

आदिलाबादला रेल्वे फाटकाच्या अलीकडे, कापसाच्या गाड्या वळतात त्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर. तो जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. सीझनमध्ये घरी येतो तेव्हा भुवयांवर रुई असते. मोटारीचा नुसता आवाज ऐकून कोणतं बेअरिंग आठ दिवसांत जाणार ते सांगतो आणि ते जातंच. बाप मारोतराव गावाबाहेरच्या दीड एकरात वांगे, टमाटे, मेथी काढायचा. माय भागाबाई ते रैतू बाजारात विकायची. मराठी बाई आली की वांगे, तेलुगू आली की वंकाया, मुसलमान आला की बैंगन. चाळीस वर्षं ओरडून तिचा गळा असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी गल्लीच्या तोंडावर कळायचं आज भागाबाईच्या भाजीत मीठ कमी आहे.

गिटारचा नाद लागला तो कॉलेजात, वर्गातल्या जयदीप पेशकारमुळे. जयदीप हैदराबादला गेला, तिथून दोन वर्षं अमेरिकेला. येताना ही पेटी घेऊन आला. पण हैदराबादच्या फ्लॅटमध्ये ती वाजवली की खालचा वरचा दोन्ही शेजारी दारात. शेवटी त्याने ती सुरेंद्रला देऊन टाकली. देऊन टाकली म्हणजे सुरेंद्रने दोन सीझनच्या ओव्हरटाइममधून घेतली. अमेरिकेच्या पेटीला अमेरिकेचं व्होल्टेज लागतं, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. जिनिंगमधल्या लोकांना तो ट्रान्सफॉर्मरच जास्त आवडला.

पेटी आली तेव्हा मारोतराव लकव्याने पुढच्या खोलीत पडून होते. सुरेंद्रला दम निघेना. भर दुपारी त्याने मधल्या दाराला कडी घातली, पहिलं बटण दाबलं, दुसरं दाबलं, गेनचा नॉब होता नव्हता तेवढा फिरवला आणि सगळ्या तारांवरून एक हात ओढला. खिडकीची तावदानं थरथरली. भांड्यांच्या फळीवरची ताटली खाली आली. पुढच्या खोलीत पाच महिन्यांत कूस न बदललेला बाप दचकून खाटेवरून खाली पडला आणि लेकरासारखा रडायला लागला.

भागाबाईने दार वाजवलं नाही. सुरेंद्रनेच उघडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"सुरेंदर, मी जित्ती हाये तवर ह्या घरात हे वाजवाचं नाही."

मारोतराव पुढे दोन महिन्यांनी गेले. पेटीमुळे गेले असं कोणी म्हटलं नाही. पेटीवर जुनी चादर पडली. सुरेंद्र गिटार मात्र सोडू शकला नाही. जिनिंगमधून आला, आंघोळ केली, की गिटार मांडीवर घेऊन वायर न लावता वाजवायचा. लोखंडी तारांची ती गिटार वायरीशिवाय मच्छर गुणगुणल्यासारखी वाजते. तो कान लाकडाला टेकवून बसायचा. लग्न काही जमलं नाही. निर्मलला एक मुलगी पाहिली होती, तिच्या मामाने छंद विचारला तर याने व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याच्यात एफएम लागते का?" तिथून काही निरोप आला नाही. भागाबाई म्हणायची, माह्या पोराचं लगन झालं हाये, नवरी मुकी हाये.

मागच्या दिवाळीपर्यंत भागाबाईने बाजार सोडून तीन वर्षं झाली होती. कान अधू झाले होते. जवळ येऊन मोठ्याने बोललं तर कळायचं. गल्लीतली बाकीची गडबड तिच्यापासून लांब गेली होती. तरी तिचा स्वतःचा आवाज तेवढाच होता.

कार्तिक सरला आणि आदिलाबादची थंडी पडली. पहाटे पारा पाच-सहावर. एका संध्याकाळी भागाबाई जर्मनचा लहान गंज घेऊन आतल्या खोलीत आली. गंजात कोमट दूध, त्याला विरजण लावलेलं. म्हणाली, या गारठ्यात दही लागतच नाही. तुही ते पेटी पेटली की गरम होते ना? मंग पेटव. त्याच्यावर ठेवतो.

सुरेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. नऊ वर्षांत तिने पेटीचं नाव काढलं नव्हतं. त्याने चादर काढली. पहिलं बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. तिने गंज पत्र्यावर ठेवला, वर ताटली झाकली आणि उंबऱ्यात बसली. जायचं नाव घेईना. सुरेंद्रला हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्याने गिटार मांडीवर घेतली आणि रोजच्यासारखी वाजवली, वायरीशिवाय. दुसऱ्या बटणाकडे त्याचा हात गेला नाही. मायने दह्यासाठी गरमी मागितली होती, वाजवायला सांगितलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की भागाबाईची हाक, "सुरेंदर, पेटी लाव, दही लावाचं हाये." ती उंबऱ्यात, तो खाटेवर, पेटीवर गंज. झोपायच्या वेळी तो बटण बंद करायचा आणि ती गंज घोंगडीत गुंडाळायची. सकाळी सातला तो जिनिंगला जायचा तेव्हा गंज अजून गुंडाळलेलाच असायचा.

एकदा ती बराच वेळ त्याच्या बोटांकडे पाहत होती. म्हणाली, "बरं वाजवून राह्यला रे आज."

सुरेंद्र हसला. आयुष्यभर टोमणे मारत आलेली बाई. न वाजणाऱ्या पेटीपुढे बसलेल्या पोराला आणखी काय म्हणणार? त्याने मान डोलावली आणि पुढे बोटं चालवत राहिला. तीही हसली नाही असं नाही. पण लगेच पदराने तोंड पुसत उठून गेली.

डिसेंबरात जयदीपचा फोन आला. कॉलेजच्या जुन्या पोरांचा सव्वीस जानेवारीला आदिलाबादला मेळावा होता. संध्याकाळी मैदानावर स्टेज. जयदीप म्हणाला, आपण दोघं वाजवू, तुझी पेटी आण, मी माझी आणतो. सुरेंद्रने हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. मैदान घरापासून दोन किलोमीटर. तिथे दुसरं बटण दाबायला कोणाची बंदी नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात लोकांसमोर एकदा, भरल्या आवाजात. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून तो पेटी घेऊन जिनिंगच्या मागच्या रिकाम्या गोदामात गेला आणि दुसरं बटण दाबून पाहिलं. आवाज आला, पण तो पहिल्या दिवशीचा नव्हता. दमलेला, धाप लागल्यासारखा. त्याने तिथूनच जयदीपला फोन लावला. जयदीपने विचारलं, किती चालते? सुरेंद्र म्हणाला, रोज चार तास.

"चार तास वाजवतो?"

"वाजवत नाही बे. नुसतं पहिलं बटण."

 मग जयदीप हळूच म्हणाला, "अरे येड्या, व्हॉल्व्ह तापवून गप ठेवले तर वाजवण्यापेक्षा जास्त खराब होतात. एक तर वाजव, नाहीतर बंद ठेव."

नवे व्हॉल्व्ह मिळतात का म्हणून जयदीपने शोध घेतला. ते जिथे बनतात तिकडे लढाई लागल्यापासून माल येत नाही, मार्चपर्यंत आला तर आला, असं कळलं. म्हणजे होते तेच व्हॉल्व्ह महिनाभर जपायचे आणि मेळाव्याला वापरायचे, एवढाच मार्ग होता. सुरेंद्र शेवटी इलेक्ट्रिशियन. त्याने फळ्यांचं एक खोकं ठोकलं, आत साठचा बल्ब लावला, आणि दह्यासाठी मायपुढे ठेवलं. तिने एक दिवस त्यात गंज ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पानी झालं, पेटीवरचंच चांगलं लागते. बल्बचं खोकं तिने कांद्यांना दिलं.

त्या संध्याकाळी त्याने बोलायचं ठरवलं. ती गंज घेऊन उभी होती.

"माय, पेटी काही दिवस बंद ठेवतो म्हनलं."

"काय?"

त्याने जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. तिने गंजातल्या दुधाकडे पाहिलं.

"काऊन?"

"खराब होऊन राह्यली."

"मंग दुरुस्त कर ना. जिनिंगचा मोठा इंजिनेर हायेस." ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "एवढ्या थंडीत मी काही जास्त दिस मांगत नाही तुले. दूध निवून राह्यलं, बाप्पा."

सुरेंद्रने पहिलं बटण दाबलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह लाल होताना तो मनात तास मोजायचा आणि रोज मैदानावरचा आवाज थोडा थोडा बारीक होताना त्याला कळायचं. भागाबाई उंबऱ्यात बसून त्याची बोटं पाहायची. कधी कधी डोकं एका बाजूला कलवायची, दाराबाहेरून कोणी हाक मारतंय का असं पाहावं तशी.

संक्रांतीनंतर तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात तीन दिवस राहिली आणि अठरा तारखेला गेली. सव्वीसला घरात सुतक होतं. जयदीप मेळाव्याला जाण्याआधी येऊन भेटून गेला. अंगणातल्या खुर्चीवर दोघं बसले. पेटीबद्दल दोघंही बोलले नाहीत. संध्याकाळी मैदानावरच्या स्टेजचा आवाज वाऱ्यासोबत रेल्वे फाटकापर्यंत आला. सुरेंद्र दारं लावून बसला होता.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी शेजारची बयनाबाई घासलेला गंज परत द्यायला आली. सुरेंद्रने विचारलं, हा तुमच्याकडे कसा? बयनाबाई उंबऱ्यात बसली, भागाबाई बसायची तिथेच. म्हणाली, रोज सकाळी तू गेला की तुही माय गंजभर दही माह्याकडे आनून देत होती. तिले डॉक्टरनं दिवाळीतच दही बंद केलं होतं, खोकल्यापाई.

"मंग लावत काऊन होती?"

बयनाबाई गंजाच्या काठावर लागलेली राख बोटाने काढत राहिली.

"तू वाजवावं म्हून. बापाच्या येळेस बोलून बसली होती ना ती. आता कोन्या तोंडानं म्हनू वाजव, म्हने. मंग दह्याचं काढलं तिनं. तुले सांगू नोको म्हने, मी बी नाही सांगतलं."

"पन मी वाजवलंच नाही, मावशी. आवाज बंद होता."

"ते मले ठाव हाये. तुह्या माह्या घरची भीत एकच हाये, मले नाही का समजत?" बयनाबाईने गंज खाली ठेवला. "मी तिले सांगतलं, भागाबाई, आवाजच नाही येऊन राह्यला, मले बी नाही येत. तर म्हने, तू माह्या मनासाठी म्हनून राह्यली. पेटी लालेलाल पेटते, पोराची बोटं नाचते, अन् मले काहीच आयकू येत नाही, म्हने. एवढी मोठी बोंब, खिडक्या हालवनारी, ते बी नाही येत. पार दगड झाली मी, म्हने. रडली इथं बसून. मंग मले म्हने, तरी मी त्याले म्हनलं, बरं वाजवतं. आयकू नाही आलं तरी म्हनावं लागते."

बयनाबाई गेल्यावर सुरेंद्र गंज हातात धरून बसला. चारची जिनिंगची शिटी झाली. मग तो उठला, गंज पेटीवर ठेवला, रिकामाच. मधलं दार उघडं ठेवलं, पुढचंही. गिटारला वायर लावली. पहिलं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला आता मिनिटाऐवजी तीन मिनिटं लागत होती. दोन लाल झाले, दोन काळेच राहिले.

त्याने दुसरं बटण दाबलं.

आवाज आला तो जुन्या ट्रान्झिस्टरचे सेल उतरल्यावर येतो तसा. फाटका, चिरका, मधेच तुटणारा. गंज पत्र्यावर बारीक किणकिणला. सुरेंद्रने रोज उंबऱ्यासमोर वाजवायचा तेच वाजवायला घेतलं, पहिल्यापासून. भिंतीपलीकडे बयनाबाईची भांडी घासायची खरखर थांबली.

तो थांबला. भिंतीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, मायशी बोलायचा तेवढ्याच मोठ्याने, "मावशी, आयकू येते का?"

"येते ना रे," भिंतीपलीकडून बयनाबाई म्हणाली. "बारीक येते."

त्याने नॉब आणखी फिरवला, जिथवर फिरतो तिथवर. आवाज तेवढाच राहिला.