धोधमाय

दिपालीनं आयुष्यात एकच देवी घडवली, आणि तीच तिच्या मानगुटीवर बसली.

गुजरातेत, डिंडोलीतल्या दोन खोल्यांत पाच माणसं राहायची: सासू प्रमिलाबाई, दीर, जाऊ, दिपाली आणि तिचा नवरा ललित. ललित कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचा, दिपाली घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. नवराबायकोला एकांत म्हणून एक पडदा होता. त्याच्याआड नुसती कूस बदलली, तरी पलीकडून सासूचा खोकला ऐकू यायचा. मूल नव्हतं. त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण ते बोलायलाही जागा नव्हती.

एका रविवारी ललितनं तिला मोटारसायकलवर बसवलं आणि वघईजवळचा गिरा धबधबा दाखवायला नेलं. पाण्याच्या त्या गडगडाटात दोघं घसा फोडून बोलली. आपला नवरा इतका बडबड्या आहे, हे तिला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं!

घरी आल्यावर, कुठे गेला होतात म्हणून सासूनं दारातच गाठलं. "कथा गयथात तुम्ही?"

दिपालीच्या तोंडून खरं तेच निघालं, "धोध…" गुजराती शेजारणींमुळे धबधब्याला धोध म्हणायचीच तिला सवय. पण सासूच्या कपाळावरची आठी दिसली आणि शब्दाला आपोआप शेपूट फुटलं. "धोध… मायले. नवस करेल शे. जोडीनं."

प्रमिलाबाईंचा जन्म खानदेशी गल्लीत गेलेला. धोध म्हणजे काय, त्यांच्या गावीही नव्हतं. पण नवस आणि तोही जोडीनं म्हटल्यावर आठी कुठल्या कुठे गेली. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच पिशवीत नारळ घातला.

मग काय, देवीला बहिणीही झाल्या. एक डॉन गावच्या डोंगरावर, थोरली थेट साल्हेरच्या माथ्यावर. चढताना दिपालीच्या छातीचा भाता फुलायचा, ललित हात देऊन ओढायचा. माथ्यावर भाकरी-ठेचा खायचा, नारळ फोडायचा, अर्धा तिथंच संपवायचा आणि उरलेला प्रसाद म्हणून घरी न्यायचा. तिथं तिला कुणी हाक मारत नसे. त्या एका दिवसावर ती सहा दिवस टिकल्या चिकटवायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या भागीरथीनं त्यांच्याबरोबर देवीला नारळ पाठवला आणि तिला दिवस गेले.

गल्लीत धोधमायचा जयजयकार झाला. प्रमिलाबाई आधी फुशारल्या, मग सुनेकडे संशयानं बघायला लागल्या. "भागीरथीले पावनी, मंग तुलेच का बरं नही?"

खरं सांगून टाकायची वेळ हीच होती. पण खरं सांगावं तर रविवार जातो, आणि पोटावर हात ठेवून हसणाऱ्या भागीरथीला काय सांगायचं? दिपालीनं पुढची टिकली चिकटवली.

"आते मी बी येस संगे," सासूनं जाहीर केलं.

सासू एकटी नाही आली. टेम्पो भरून बायका आल्या. गिऱ्याला पोचल्यावर त्यांनी एक खडक निवडला, नेमका दिपाली-ललितचा बसायचा. त्याला शेंदूर फासला, हिरव्या बांगड्या वाहिल्या, ओटी भरली. ललित लांब टेम्पोवाल्याजवळ मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. पुरुष माणसाचं इथं काय काम म्हणून त्याला बायकांनीच पिटाळलं होतं. दिपालीला रडू आलं. बायकांना वाटलं, भक्ती दाटून आली.

तिला खडकासमोर बसवलं. तिनं डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा त्या देवीला मनापासून साकडं घातलं: माय, तू असशील तर ह्या सगळ्यांना इथून घालव. मला फक्त माझा रविवार दे.

सासूनं कोपरानं ढोसलं. पाण्याच्या आवाजात ओरडून विचारलं, "काय मांगं?"

बायका कान देऊन उभ्या होत्या.

"पोऱ्या!" दिपाली ओरडली.

प्रमिलाबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेला पोटाशी धरलं.

"रडू नको, माय," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "आते पोऱ्या व्हस तोवर दर रविवारले मी येसू तुना संगे."