पंधरा वर्षं टिकणारी जाळी

या जगात एकही वस्तू धड बनलेली नाही, यावर माझ्या थोरल्या दिरांचा जेवढा विश्वास होता तेवढा भल्याभल्यांचा देवावरही नसतो. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म एकच काम केलं. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि ‘रिजेक्ट’ म्हणून लाल पेटीत टाकायचे. नोकरी संपली, पण ती लाल पेटी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. मला पाहायला आले तेव्हा बाकी सगळे पोह्यांची वाट पाहत होते आणि हे गृहस्थ आमच्या दाराची चौकट निरखत होते. जाताना माझ्या वडिलांना म्हणाले, “मुलगी उत्तम आहे, पण चौकट डावीकडे पाव इंच खचलीय.” वडील बिचारे पुढे वर्षभर त्या चौकटीकडे बघून सुस्कारे टाकत होते. भाऊजी मंडईत गेले की खिशातून व्हर्निअर काढायचे, म्हणजे केसाची जाडीसुद्धा मोजणारं ते कारखान्यातलं हत्यार, आणि द्राक्षाचे मणी मोजायचे. फळवाला हात जोडायचा, “काका, फुकट न्या, पण लय मोजू नका.” अशा माणसाशी संसार केल्याबद्दल माझ्या थोरल्या जाऊबाईला, आमच्या ताईला, खरं तर सरकारने पदक द्यायला हवं होतं.

ताई सटाण्याकडची. मोठ्याने हसणारी, मोठ्याने भांडणारी. इंदिरानगरला बंगला बांधला तेव्हा तिने आयुष्यातला एकमेव हट्ट केला. हॉलला बाहेरच्या ओट्याकडे उघडणारं, दोन झडपांचं, वरपासून खालपर्यंत काचेचं दार हवं. आर्किटेक्ट त्याला ‘फ्रेंच दार’ म्हणायचा, ताई म्हणायची ‘माझं दार’. भाऊजींनी ते सुताराकडून तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा तो सुतार फोनच उचलेना. रोज संध्याकाळी दोन्ही झडपा उघडून ताई उंबऱ्यापाशी भाजी निवडत बसायची आणि समोरून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं, काय नेसलं होतं, सगळं तिला तोंडपाठ असायचं.

मग ताईला रक्ताचा कॅन्सर निघाला. होळीच्या सुमारास डॉक्टरांनी भाऊजींना आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळ्यापर्यंत धरून चाला. ताईचा पलंग आम्ही हॉलमध्ये आणला, तिच्या दारासमोर. पण दार उघडायची चोरी. जवळच नासर्डी नदी, आणि तिन्हीसांजेला डासांचे थवेच्या थवे. औषधांनी ताईच्या अंगात काही उरलंच नव्हतं; साधा डेंगी झाला तरी निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे दिवसभर तापलेल्या घरात ताई बंद काचेआड पडून असायची. संध्याकाळी बाहेर वारा सुटायचा, झाडं हलताना दिसायची, पण तिच्या अंगाला झुळूक लागायची नाही. दुखण्यात तिची माहेरची अहिराणी परत आली होती. “मना जीव घाबरस गं,” म्हणायची, “थोडं उघड ना.” मी नाही म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

उपाय होता. दोन्ही बाजूंच्या पेट्यांतून पडद्यासारखी ओढायची, मधोमध चुंबकाने चिकटणारी आणि सोडली की परत पेटीत गुंडाळली जाणारी जाळी तेव्हा नाशकात नुकतीच मिळायला लागली होती. दुसरा कुणी असता तर आठ दिवसांत लावून मोकळा झाला असता. पण निवड करणार कोण, तर आमचे भाऊजी! मी म्हटलं, तोवर साधी जाळी आणून चिकटवू. तर म्हणाले, “तिच्या दाराला काय भाजीची पिशवी बांधायची?”

एका कंपनीचा नमुना आला, तर चुंबकाच्या दोन पट्ट्यांमध्ये अर्धा मिलिमीटर फट. रिजेक्ट. दुसऱ्याची स्प्रिंग तपासायला त्यांनी ती जाळी चारशे वेळा उघडली आणि मिटली, मोठ्याने मोजत. विक्रेत्याचे तीन चहा झाले, मान दुखून आली. तीनशे नव्वदाव्या वेळी स्प्रिंग कुरकुरली. रिजेक्ट. तिसऱ्या जाळीचा तुकडा त्यांनी काचेच्या पेल्याच्या तोंडाला बांधला, आत वीस डास सोडले आणि पेला स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवला. सकाळी मोजले तर एकोणीस. घरभर त्या विसाव्या डासाचा शोध! ताई पडल्या पडल्या म्हणाली, “अहो, बाकीच्यांनी खाल्ला असेल त्याला.” त्या दिवशी ती किती तरी दिवसांनी हसली. भाऊजी मात्र हसले नाहीत. आणि प्रत्येक विक्रेत्याला त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला, तोही ओरडून, “किती वर्षं टिकेल?” कुणी तीन म्हणे, कुणी पाच. भाऊजी मान हलवत, “छे छे, पंधरा तरी हवीत!”

असे दोन महिने गेले. ताई अंथरुणात दिसेनाशी झाली होती. वैशाखातल्या एका दुपारी चौथा विक्रेता ओट्यावर नमुने पसरून बसला होता आणि भाऊजींनी पुन्हा तेच सुरू केलं, पंधरा वर्षं, पंधरा वर्षं. माझं डोकंच फिरलं. मोठ्या दिरांसमोर कधी आवाज न चढवणारी मी, परक्या माणसादेखत बोलून गेले, “पंधरा वर्षं कुणासाठी, भाऊजी? डॉक्टर काय म्हणाले ते मलाही माहीत आहे. तिला एक संध्याकाळ मिळू द्या, संध्याकाळ!”

विक्रेत्याने मान खाली घातली. भाऊजींनी व्हर्निअर मिटलं, खिशात ठेवलं. मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. “तिला आतून सगळं ऐकू येतं. पाच वर्षांची चालेल म्हटलं, तर तिला वाटेल मी पाचच धरून चाललोय.”

कुणी थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं. तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, फाटका, पण तोच जुना हुकमी. “अहो, एका वर्षाची असली तरी घ्या. आज लावून देतो का विचारा त्यांना.”

त्या दिवशी लावता येण्याजोगी एकच होती, त्या माणसाच्या दुकानात दाखवायला ठेवलेली, आमच्या दारापेक्षा बोटभर आखूड. खाली सरळ फट राहिली. पेटी एका अंगाला कलली. स्क्रूचं एक भोक चुकून दुसरं पाडलं गेलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसं परत पाठवणारे भाऊजी स्टुलावर चढून ती वाकडी पेटी स्वतः दाबून धरत होते, आणि खालच्या फटीत त्यांनी ताईच्या जुन्या सुती साडीचा बोळा कोंबला. “पास,” म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सहा वाजता दोन्ही झडपा उघडल्या, जाळी ओढली. पडदे हलले. ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, “वारा उना.” वारा आला, एवढंच. भाऊजी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली असतील. ताईने डोळे उघडले, समोर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. “सगळं धुरकट दिसतंय हो. समोरची सून कोणती साडी नेसलीय तेसुद्धा कळत नाही. गुंडाळा ती जाळी.”

मी भाऊजींकडे पाहिलं. डास, डेंगी, डॉक्टर, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. भाऊजी पुढे झाले, जाळी सोडली. ती सरसर पेटीत गेली. मग खुर्ची ओढून ते पलंगाशी बसले आणि वर्तमानपत्राची घडी घेऊन ताईच्या तोंडावरचे, हातावरचे डास हाकत राहिले. ताई त्यांना समोरच्यांची खबरबात सांगत होती. अशा नऊ संध्याकाळी तिला मिळाल्या.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. दिवेलागण झाली तसे डास आत आले, जो तो पाय झाडायला लागला. माझा नवरा जाळी ओढायला उठला. भाऊजी कोपऱ्यातून म्हणाले, “राहू दे रे. तिने उघडी ठेवायला सांगितलीय.” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं, आणि मग आम्ही सगळेच डास हाकत बसून राहिलो.