पाठीतलं पाणी आणि सुनंदाबाई

डॉ. सुनंदा हंचिनाळ यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनावर मोठी माणसं लिहितीलच. मी शिकलेला नाही, बाईंचा पेशंट आहे. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

ओळख चपलेमुळे झाली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान, पण मी तिथं कधी टिकलो नाही. गोकुळ रोडच्या वर्कशॉपात, मग लॉरीवर, कारवारपर्यंत. कारवारला एक डोळा धुरकटला, आपोआप निवळला. तिथली मासळी काय सांगावी... असो. परत आल्यावर डाव्या पायातली चप्पल बाजारात गळून पडली आणि मला ते कळलंच नाही. मागून हमालानं हाक मारली, "अण्णा, चप्पल!" तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, मला बाईंकडे घेऊन गेले.

आधी डोळा, आता पाय, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या दुखण्याची सुरुवात असावी, पाठीच्या कण्यातलं पाणी सुईनं काढून तपासू, असं बाईंनी सांगितलं. अप्पा उठलेच. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक! मला ओढत घरी आणलं. मी पुन्हा लॉरीवर चढलो. पुढं पाय पुरता गेला, तेव्हाच आम्ही बाईंकडे परतलो.

बाईंनी रागावायला हवं होतं. त्यांनी अप्पांसाठी सुई टोचायच्या खोलीत खुर्ची मागवली. नळीत थेंब पडताना अप्पा बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच, अप्पा. याचं पुढचं यात थोडंसं दिसतं. पुसट."

बाईंचं आयुष्यभराचं काम हेच. मज्जातंतू तुटतात तेव्हा त्यांचा चुरा त्या पाण्यात उतरतो. तो मोजून, दुखणं कुणाचं जोरात जाईल नि कुणाचं दमानं, याचा अंदाज त्या बांधतात. मी म्हटलं, "म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल काढून लोखंडाचा कीस बघतात तसं?"

"तसंच. फक्त गिअर नवा मिळतो रे."

माझ्या पाण्यात चुरा फार निघाला. बाईंनी ते आधी मला सांगितलं, अप्पांना नंतर. जोराचं औषध आत्ताच सुरू करावं म्हणाल्या. मी विचारलं, "फिरता येईल?"

"लगेच सुरू केलं तर जास्त वर्षं फिरशील, असं वाटतं. वाटतं, म्हटलंय हं."

"एकदा एनू आगंगिल्ल म्हणा की, बाई!"

एनू आगंगिल्ल, म्हणजे काही होत नाही, असं हुबळीत रिक्षावालासुद्धा म्हणतो. बाई म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा राग आला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला नवनगरला आपल्या घरी नेलं. तिथं त्यांचे धाकटे भाऊ चाकांच्या खुर्चीत होते. तेच दुखणं. बाई त्यांना भात भरवू लागल्या.

"नवीन गिऱ्हाईक?" भाऊ मला म्हणाले. "मला हिनं एनू आगंगिल्ल म्हटलं होतं. मी विश्वास ठेवून निवांत बसलो."

"तेव्हा चुरा मोजायची सोय नव्हती रे," बाई म्हणाल्या.

"शब्द तर होते ना, अक्का?"

बाईंनी पुढचा घास केला. त्यांचा हात मात्र ताटातच थांबला. माझा राग तिथं संपला. आजवर किती जणांना त्यांनी खरं सांगितलं असेल, आणि दर वेळी हे घर डोळ्यांपुढे आलं असेल.

औषध चालू आहे. गेलेला पाय आला नाही. काठी घेऊन बाजाराच्या टोकापर्यंत जातो, बाकी दुकानात बसतो. अप्पा आता गल्लीतल्या घाबरटांना स्वतः बाईंकडे नेतात, आणि आत खुर्ची मागतात.

साठाव्या वर्षी बाईंना काय म्हणावं? सगळं छान होईल म्हणालो तर चालणार नाही त्यांना. म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच मागतो. बाई, तुमचे हात थरथरू नयेत, डोळे शाबूत राहावेत, आणि तुम्ही पुष्कळ जगावं. माझं पुढचं पाणी कधीतरी काढावं लागेल. त्या दिवशी जे असेल ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.