अण्णांची रीतसर संघटना

लग्नपत्रिका हातात दिली तरी अण्णा तिच्या पाठीवर आधी तारीख टाकून बारीक सही करत आणि मगच विचारत, "कुणाचं लगीन हाय?" विद्यापीठाच्या उपकेंद्रात आवक-जावकच्या टेबलावर त्यांची उभी हयात गेली होती. तोंडावर आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाठीमागं रीतसरअण्णा.

"कागूद रीतसर गेला की कुणाच्या बापाला दाबता येत न्हाई," असं ते म्हणायचे. दाबलेल्या कागदांनी साहेबांचं कपाट गच्च भरलेलं आम्हाला दिसत होतं. अण्णांना ते कधी दिसलं नाही.

मी तिथं हंगामी कारकून होतो. दर सहा महिन्यांनी नवा आदेश घेऊन काम करणारे आम्ही सात जण. कायम होण्याची वाट बघत कुणाची आठ वर्षं गेलेली, कुणाची दहा. त्या साली सलग दुसऱ्यांदा पाऊस रुसला. ऊस वाळला, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि तिथं कामाला असलेले माझे वडील घरी बसले. घरात माझीच नोकरी उरली, तीही अशी.

कर्मचारी संघटनेत या, हा लकडा अण्णांनीच लावला. ते स्वतः कायम होते, त्यांना त्यात काडीचा फायदा नव्हता. मी चाचरलो तर म्हणाले, "भितो कावून बे? चोरी करायला चाललोत का आपण?" संघटनेच्या माणसानं बजावलं होतं की अर्ज परस्पर आमच्याकडं पाठवा, ऑफिसात कुणाला कळू देऊ नका. अण्णांना ते पटेना. नोकरदाराचा कागद साहेबांमार्फतच गेला पाहिजे, म्हणून त्यांनी आमच्या नावांची यादी जोडून सातही अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवले. असली चूक करायला तीस वर्षांची कारकुनीच लागते.

अर्ज तिथून पुढं सरकलेच नाहीत. साहेबांनी आम्हाला एकेकट्याला आत बोलावलं. दुष्काळ आहे, माणसं कमी करावी लागतील, असं मला फार मायेनं सांगितलं. बाहेर येऊन मी लिहून दिलं, की माझी सही गैरसमजातून झाली, माझं नाव काढावं. तो कागद द्यायचा कुणाकडं? अण्णांकडंच. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"तारीख टाकली न्हाईस," एवढंच म्हणाले.

मी टाकली. कागद खाली मान घालून परत त्यांच्यापुढं सरकवला.

बाकी सहा जणांनी असं लिहून दिलं नाही, त्यांना पुढचा आदेश मिळालाच नाही. त्यातले दोघं कोयता घेऊन लांबच्या कारखान्यांवर गेले. निवृत्त होईपर्यंत अण्णा त्या सहा जणांसाठी अर्ज लिहीत राहिले, साहेबांमार्फतच. उत्तर एकाचंही आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी धारूरच्या बाजारात अण्णा भेटले. पार वाकले होते. मी पाया पडलो.

"कायम झालास का रे?"

"झालो, अण्णा."

त्यांचा चेहरा उजळला. माझा हात धरून म्हणाले, "लई चांगलं झालं. आपल्या संघटनेचा एक तरी माणूस कायम झाला."

माझा तो कागद ते विसरले असतील, असं मला वाटत नाही. मी नुसती मान हलवली. खरं बोलायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही.