दुभाषी मिळेपर्यंत

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी शहरातल्या एका महिला मदत केंद्रात समुपदेशक होते. आसपासची गावं टँकरवर दिवस काढत होती आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडं इमारतीमागून इमारती उभारत सुटलं होतं.

एका दुपारी पोलिसांनी बसस्थानकावर सापडलेल्या एका तरुणीला आमच्याकडं आणलं. ओठ फुटलेला, डावं मनगट सुजलेलं. थोड्याच वेळात तिचा दीरही शोधत आला. देवगाव रंगारीच्या पुढं त्यांचं गाव. तिला ओडिशातून लग्न करून आणलेलं.

"लई हट्टी हाय, मॅडम," तो म्हणाला. "पाय घसरून पडली अन् रागानं निघून आली."

ती तळहात गुडघ्याच्या उंचीवर धरून एकच गोष्ट सांगत होती. "पिला, मो पिला." आमच्या मावशींना वाटलं, पाणी मागते. त्यांनी पेला दिला, तिनं तो बाजूला सारला.

"शेळीच्या पिल्लांचं म्हणती," दीर म्हणाला. "लई जीव तिचा त्यांच्यावर."

"घरी लेकरू आहे का?"

"नाय. अजून कुठलं?"

मी त्याला परत पाठवलं आणि तिची सोय निवारागृहात केली. तिथं ती बसेचना. दारापर्यंत जायची, परत फिरायची, भाकरीला हात लावायची नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, ही पळून जाणार. आमच्या वरिष्ठांचा निकाल ठरलेला होता: तिला माहेरी पाठवून द्यायचं. बोलणं कळायला दीर आहेच की, असं त्या म्हणाल्या.

"दीर नको," मी म्हणाले. "मला तिच्या बोलीचं माणूस हवं."

मग मी बायपासकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्यांमधून विचारत फिरले. कुणी बंगाली निघे, कुणी बिहारी. प्रत्येक ठिकाणाहून निघताना वाटायचं, आपण उशीर करतोय. मात्र कशाला उशीर, ते कळत नव्हतं. शेवटी एका अर्धवट इमारतीखाली ओडिशाची एक बाई भेटली. शहरात राहून ती हिंदीमिश्रित मराठी बोलायची. काम सुटल्यावर माझ्यासोबत आली.

ती त्या मुलीशेजारी फरशीवर बसली आणि दोघी बोलत राहिल्या. मी सारखी मध्ये पडत होते. "मनगटाचं काय झालं, ते विचारा ना."

"थांबा, मॅडम. अगोदर गाव विचारते, आई-बाप विचारते. एकदम मारहाणीचं कसं विचारू?"

मी मागं सरून बसले. कोणती नदी, कोणता बाजार, घरी कोण कोण, असं चाललं असावं. मग मुलगी रडायला लागली आणि बोलतच सुटली. त्या बाईचा चेहरा बदलला.

"पिला मतलब लेकरू, मॅडम. बकरीचं नाही. हिची पोरगी आहे, आता आता चालायला लागली. सासूनं ठेवून घेतली."

नवऱ्यानं मनगट पिरगळलं होतं. पहिल्यांदा नव्हतं ते. टँकरवर बायांची झुंबड उडाली, तेव्हा हंडा तिथंच ठेवून ती बसमध्ये चढली होती. पोरगी तेव्हा सासूच्या कडेवर होती.

"माहेरी जायचं का?" मी विचारलं.

"नको म्हणते. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय, लोक नावं ठेवतील. पहिले पोरगी पाहिजे. मग इथंच काम करते."

माहेरचा विषय तिथंच संपला. मी अर्ज केला, न्यायालयानं लेकराचा ताबा आईकडं देण्याचा आदेश दिला, आणि एका महिला पोलिसाला घेऊन आम्ही जीपनं गावात गेलो. सासू अंगणात होती. पोरगी तिच्या पदराला धरून उभी. आईनं हाक मारली, तशी ती आधी मागं सरकली, मग धावली.

"नात महीय ती," सासू म्हणाली. "पाणी नाय म्हणून आमच्या गावात कुणी पोरगी देईना, तव्हा इतक्या लांबून आणली हिला."

"आणली, मग मारली कशाला?" पोलीसबाईंनी विचारलं.

सासू जीपपर्यंत मागं आली. जीप निघताना म्हणाली, "दुधात कुस्करून भाकर देजा तिला. नुसता भात खात नाय."

पुढं त्या ओडिया बाईनं मायलेकींना आपल्या शेजारी पत्र्याची खोली मिळवून दिली. आईला वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं, पोरगी अंगणवाडीत जायला लागली. पोटगीचा आदेश झाला. नवरा ती कधी द्यायचा, बहुतेक वेळा नाही. एकदा तो न्यायला आला. मी तिथंच होते. दुभाषी बाई कामावर गेलेली, म्हणून मीच तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं.

तिनं मला हातानं थांबवलं. "मी बोलते," ती कामावर शिकलेल्या मराठीत म्हणाली, आणि त्याच्याकडं वळली. "मी येत नाय. पोरीला भेटायचं तर दिवसा ये. दारू पिऊन नाय."

तो उंबऱ्याबाहेरूनच मागं फिरला आणि मोटारसायकलवर बसून गेला. मी मात्र ती वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर थांबले, आणि नंतरचे कित्येक दिवस फोन वाजला की आधी वाटायचं, तो परत आला.