चौदा जणांसमोर

पुलाचा चढ संपला तशा घडी-मावशी कठड्याला टेकल्या आणि रुमालानं मान पुसू लागल्या. शिवणवालीच्या पायांचे तर तुकडे पडले होते. इथवर बस येत होती, पण मावशी ऐकतील तर शपथ. माफी मागायला बसमध्ये ऐटीत बसून जायचं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

मावशी मोठ्या रुग्णालयाच्या कपडेखोलीच्या प्रमुख. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. चादरीची घडी अशी घालायच्या की काठ आत आणि कोपऱ्याला कोपरा तंतोतंत. बत्तीस वर्षांत कुणालाही ती घडी हुबेहूब जमली नाही, म्हणून हे नाव. शिवणवाली त्याच खोलीत खिडकीशी बसून फाटकं-तुटकं शिवायची. तिला वाटायचं, रोग्याला औषधाआधी मावशींची चादर बरं करते.

मावशी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काम बंद, मग मंत्री आजारी पडो. आणखी एक रीत त्यांनी आजोबांकडून उचलली होती. धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, मौन असे तेरा गुण, आठवड्याला एक. आठवड्याचा गुण चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आणि शुक्रवारी कुणातरी जोडीदाराला सांगायचं, कुठं जमलं, कुठं पडलो. तेरा संपले की पुन्हा पहिल्यापासून, वर्षाला चार फेऱ्या. त्यांची जोडीदार शिवणवाली. ती आपली माळ ओढणारी, देवभोळी. सुरुवातीलाच तिनं कबूल केलं होतं की आपण सकाळी एकशे आठ वेळा नाव घेतो आणि एकशे नवव्याला जावेशी भांडतो. मावशी पोट धरून हसल्या होत्या. म्हणाल्या, तुझी माळ सोडू नकोस, फक्त चिठ्ठी जोडीला घे. तेव्हापासून तिच्या शिवणयंत्राच्या खणातही चिठ्ठी असे, आणि जावेला अधूनमधून सुट्टी मिळे.

नीटनेटकेपणाच्या आठवड्यात मावशी खुशीत असायच्या. मौनाच्या आठवड्यात त्यांची परीक्षा. दोन वर्षांपूर्वी त्या तिच्यात नापास झाल्या. चाळीस नव्या चादरी नाहीशा झाल्या. दुसरी किल्ली धुलाईयंत्र चालवणाऱ्या मशीनवाल्याकडं. मावशींनी भर खोलीत, चौदा माणसांसमोर, त्याला म्हटलं, "घरी कुणाला पथारी घातलीस रे त्यांची?" मशीनवाला दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. तीन आठवड्यांनी वेगळ्या ठेवायच्या रोग्यांच्या कक्षातली पेटी उघडली, तर चादरी आत. काठ आत, कोपऱ्याला कोपरा. जगात ती घडी घालणारं माणूस एकच होतं. साथ येईल म्हणून मावशींनी स्वतःच त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या आणि साफ विसरल्या होत्या.

आता त्यांचा वर्षाचा मोठा उपास जवळ आला होता. देवाचा अपराध देव माफ करतो, पण माणसाचा अपराध माणसाकडंच जाऊन मिटवावा लागतो. उपासाआधी माफी तीनदा मनापासून मागायची. समोरचा तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर मागणारा सुटला. पहिल्या खेपेला मशीनवाला बाहेरच आला नाही. दुसऱ्यांदा "झालं गेलं" म्हणून आत वळला. आज तिसरी खेप.

तो आता एका लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर होता. मालकाला विचारून मावशींना त्यानं मागं नेलं, टांगलेल्या कोटांच्या आड. शिवणवाली दाराशी थांबली, पण ऐकू येत होतं. मावशी आडवळण न घेता बोलल्या. चूक माझी, जीभ माझी, तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळं.

मशीनवाल्यानं इस्त्री उभी केली.

"मावशी, चोर म्हणालात चौदा जणांसमोर. माफी मात्र कोटांमागं."

परतीच्या वाटेवर पूल आला आणि गेला. शिवणवालीनं समजूत घातली की तीनदा झालं, नियमानं तुम्ही सुटलात. मावशी म्हणाल्या, नियमानं सुटले गं, पण त्यानं मला धरलंय ते बरोबरच धरलंय. एकदा मागितली काय, तीनदा मागितली काय, मी आपली तोंड लपवून मागत होते.

घरी जाण्याआधी त्या पुन्हा मागं वळल्या, पुन्हा पूल चढल्या आणि मशीनवाल्याला सोमवारी कपडेखोलीत यायला सांगून आल्या. येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही.

सोमवारी तो आला, डबा काखेत घेऊन, आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चौदांतले अकरा अजून कामावर होते. निवृत्त झालेल्या तिघांना मावशींनी घरी जाऊन बोलावून आणलं होतं. यंत्रं बंद केली. मावशींनी पेटीतल्या त्या चाळीस चादरींची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, स्वतःला कुठंही सूट न देता. "याला मी चोर म्हटलं. हा चोर नव्हता. गाढव मी होते." कुणी हसलं नाही. शिवणवालीची सुई बोटात घुसली तरी तिला कळलं नाही. ऊर असा भरून आला होता, जणू तिच्याच आईनं पदक मिळवलंय. मोठी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, पण हाताखालच्यांसमोर इतकं ताठ उभं राहून वाकणारी ही पहिलीच.

मशीनवाल्यानं खोलीभर एकेकाकडं पाहून घेतलं. "आता मिटलं," म्हणाला, आणि कामाची वेळ चुकेल म्हणून निघाला. जाता जाता यंत्राचा पट्टा सैल झालाय, बदला, एवढं सांगून गेला.

यंत्रं सुरू झाली. मावशी शिवणवालीच्या खिडकीशी आल्या. नेहमीच्या शुक्रवारची वाट न बघता म्हणाल्या की नुसतं आठवड्याच्या शेवटी कबूल करून भागत नाही, जीभ सुटते त्या क्षणाला कुणीतरी हवं. शिवणवाली गोंधळली. म्हणाली, मी तुमच्या हाताखालची, मी काय करणार?

"मी कुणाला सगळ्यांदेखत बोलायला लागले, की तू मला सगळ्यांदेखत अडवायचंस. नंतर बाजूला घेऊन नाही. तिथल्या तिथं, मोठ्यानं. एवढं करशील माझ्यासाठी?"