बाटली, ब्रेक आणि आम्ही दोघं

बावन्नाव्या वर्षापर्यंत मला सायकल येत नव्हती. माहेरी अमरावतीला दोन सायकली होत्या, त्या भावांच्या. मी मागे बसायची. लग्न होऊन अकोल्याला आले, इथेही मागेच बसले. फक्त वाहन बदलत गेलं.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मी शिकवतो." तो पॉलिटेक्निकमधून यंत्रशाखेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, आधी पायडलं काढायची, सीट खाली करायची आणि दोन्ही पायांनी जमीन ढकलत जायचं. तोल सांभाळता आला की पायडलं परत लावायची.

उजवं पायडल दोन मिनिटांत निघालं. डाव्याशी तो अर्धा तास झुंजला. तेल घातलं, पान्यावर उभा राहिला. शेवटी सायकल ढकलत आम्ही चौकातल्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी पायडलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सर, हे खोलून नाही राहिले तुमी. कसून राहिले."

"काहून?"

"डाव्या पायडलचे आटे उल्टे असतेत. पाना वर उभा लावा अन् मागच्या चाकाकडे फिरवा. दोन्हीकडून खुलते."

नवरा म्हणाला, "ते मले माहीत आहे." चाचांनी मान डोलावली आणि पायडल काढून माझ्या हातात दिलं.

पुढचे आठ दिवस मी सकाळी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर बदकासारखी चालले. लोकांनी पाहिलं. काहींनी तब्येतीची चौकशी केली. नवव्या दिवशी पाय उचलून मी प्लॉटच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत गेले आणि पायडलं परत लागली.

सायकल आल्यावर मी कार शिकायचं ठरवलं. तेही नवऱ्यानेच शिकवलं. डावा पाय फक्त क्लचला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्याच पायाने, म्हणजे दोन्ही एकदम दाबले जात नाहीत. चप्पल घालून चालवायचं नाही. पायांशी काही ठेवायचं नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. लायसन्स मिळालं, पण गावाबाहेर गाडी त्याच्याच हातात राहिली.

दोन महिन्यांनी बहिणीच्या घराची वास्तू होती म्हणून आम्ही अमरावतीला निघालो. नवरा चालवत होता, चप्पल घालून. मूर्तिजापूरच्या पुढे समोर कापसाने भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. नवऱ्याने वेग कमी करायला पाय ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला.

"ब्रेक दबून नाही राहिला."

मी खाली वाकून पाहिलं. सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या मागे जाऊन अडकली होती.

"बाटली आहे. वाकू नका, समोर पाहा," मी म्हणाले. "गिअर खाली घ्या."

त्याने गिअर खाली घेतला. इंजिन ओरडलं. मी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि तो हळूहळू वर ओढत गेले. एकदम ओढला तर गाडी फिरते, हेही वहीत होतं. ट्रॉली जवळ येत होती. तिच्या फटींतून कापूस बाहेर आलेला मला स्वच्छ दिसत होता. नवऱ्याने गाडी डाव्या कडेच्या मातीवर घेतली आणि ती थांबली. ट्रॅक्टरवाला काही न कळता पुढे निघून गेला.

माझे गुडघे थरथरत होते. डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याने बाटली काढली, झाकण उघडलं आणि अर्धी पिऊन मला दिली. मग तो उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आला.

"तू चालव."

"हायवेवर? मी कधी चालवली नाही."

"मग आज चालव. माझ्यानं नाही होत आता."

तीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी चपला काढून मागे टाकल्या आणि अनवाणी पायांनी अमरावतीपर्यंत चाळीसच्या वेगाने गाडी नेली. मागच्यांनी भरपूर हॉर्न वाजवले. नवरा एरवी मला रिव्हर्स घेतानाही सूचना देतो. त्या दिवशी तो रस्ताभर बाटली मांडीवर धरून बसला.

पूजा आटोपली होती. उशीर का झाला, असं मेव्हण्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "थोडा टेक्निकल प्रॉब्लेम होता."

पंगत बसली. वरणभात झाला, बुंदी आली. मध्येच त्याने हात थांबवला आणि मेव्हण्यांकडे वळून, पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "प्रॉब्लेम नव्हता काही. बाटली अटकली होती, अन् मी घाबरलो होतो. गाडी हिनं थांबवली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय करावं ते सुचेना, म्हणून मी आणखी बुंदी मागून घेतली.